मोटारगाडी घेऊ पाहणाऱ्यांस

कापसाचा चुकारा हाती पडला, मुलाच्या नोकरीला चार वर्षे झाली आणि बँकेच्या शाखाधिकाऱ्याने कर्जाचा शब्द दिला, की आमच्या वरवट बकालसारख्या गावात घरोघर मोटारीचा विषय निघतो. आणि तो एकदा निघाला म्हणजे बसथांब्यावरच्या चहाच्या टपरीपासून कृषी सेवा केंद्राच्या ओट्यापर्यंत प्रत्येकाचे त्यावर मत असते, प्रत्येकाच्या साडूकडे नेमकी तीच गाडी असते, आणि ज्याच्या खिशातून पैसे जावयाचे त्याने मुकाट्याने ऐकून घ्यावे, अशी अवस्था होते. गेल्या वर्षी आमच्या घरी हा प्रसंग आला. ह्युंदाईची क्रेटा आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा अशा दोन मध्यम आकाराच्या एसयूव्ही पुढे होत्या, घरात दोन तट पडले होते, आणि वाद चालला होता तो छताच्या काचेचा आणि पुढच्या पडद्याच्या इंचांचा. महसूल खात्यात उभी हयात गेल्यामुळे मला एक सवय जडली आहे: शेत घ्यावयाचे तर आधी चतुःसीमा, वाट आणि पाणी पाहावे, आणि भाव शेवटी बोलावा. तीच रीत मी मोटारीस लावली, आणि त्या खटाटोपात जे पदरी पडले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहे.

प्रथम आम्ही गाडीचा विचार बाजूस ठेवून आमच्या वर्षाचा हिशेब मांडला. संग्रामपूरला तहसिलीत, शेगावला दर्शनास व रेल्वेस, दवाखान्यासाठी अकोल्यास, लग्नसराईत जळगाव जामोद, तेल्हारा, आकोट या टापूत, हंगामात पांदणीने शेतावर, आणि सणावाराला मुलाकडे पुण्यास, एवढाच आमचा संचार. सगळा मिळून वर्षाचा प्रवास दहा हजार किलोमीटरांच्या आसपास, आणि त्यातही बराचसा जवळजवळचा, थांबत थांबत केलेला. हा आकडा कागदावर उतरला तेव्हाच घरातील निम्मा वाद निकालात निघाला, कारण कोणते इंधन घ्यावे याचे उत्तर त्यातच दडलेले होते.

क्रेटाच्या बाबतीत हा हिशेब सरळ मांडता येतो, कारण तिच्यात दीड लीटरचे पेट्रोल आणि दीड लीटरचे डिझेल अशी दोन्ही इंजिने मिळतात. ग्रँड व्हिटारात डिझेल नाहीच. कंपनीच्या दाव्याप्रमाणे क्रेटाचे पेट्रोल इंजिन लीटरला 17.4 किलोमीटर आणि डिझेल इंजिन 21.8 किलोमीटर ॲव्हरेज देते. पेट्रोल 105 रुपये आणि डिझेल 91 रुपये धरले, तर किलोमीटरमागे पेट्रोलला सहा रुपये तीन पैसे आणि डिझेलला चार रुपये सतरा पैसे पडतात, म्हणजे डिझेलने एक रुपया शहाऐंशी पैसे वाचतात. पण डिझेलची गाडी मुळातच सुमारे दीड लाखाने महाग, आणि महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर 12 टक्के वाहनकर असताना तितक्याच किमतीच्या डिझेल गाडीवर तो 14 टक्के आहे; तेव्हा आरंभीचाच फरक दोन लाखांच्या घरात जातो. हे दोन लाख वसूल होण्यास गाडी एक लाख सात हजार किलोमीटर चालावी लागते, आणि आमच्या वापराने त्यास जवळजवळ अकरा वर्षे लागली असती. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही इंजिने दाव्याहून कमी ॲव्हरेज देतात आणि फरक थोडा डिझेलच्या बाजूने सरकतो हे खरे. तरी सत्तर हजारांच्या आत वसुली होणे कठीणच.

पैशाहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 नियमांमुळे डिझेल गाड्यांना धुरातील काजळी अडविणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, असते. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून बऱ्या वेगाने, न थांबता, काही वेळ चालावी लागते. जो मनुष्य रोज बाजारापर्यंत जातो आणि परत येतो त्याच्या गाडीत ती काजळी साचत जाते, पुढे फलकावर दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केल्यास सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. त्यासाठी आम्हांला खामगाव-अकोल्याकडे पाहावे लागते. ज्याचे महिन्यातून अनेकदा समृद्धी महामार्गाने नागपूर-मुंबई होते, त्यास डिझेल खुशाल मानवेल. गावाच्या चार कोसांत फिरणाऱ्याने डिझेलच्या ताकदीच्या गोष्टी ऐकून भुलू नये.

ग्रँड व्हिटारात दुसरा एक मोह आहे, तो हायब्रिडचा. तिच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकाराचा दावा लीटरला 27.97 किलोमीटरांचा आहे, आणि तो ऐकून कोणाचेही मन चळेल. परंतु ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवून ती पुन्हा वापरणे हे त्या यंत्राचे मर्म असल्यामुळे त्याचा खरा लाभ पुण्या-मुंबईच्या खोळंबत्या रहदारीत होतो, आमच्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर तितका होत नाही. शिवाय मागची बॅटरी डिकीतील जागा खाते: साध्या प्रकारात 373 लीटर असलेली डिकी हायब्रिडमध्ये 265 लीटरवर येते, तर क्रेटाची 433 लीटरची आहे. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडी कुटुंबाचे सामान ज्याने पाहिले आहे, त्यास या आकड्यांचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता रस्त्याविषयी. एसयूव्ही या नावाने आपण फार फसतो. जीएसटीच्या 2025 पूर्वीच्या नियमांत सर्वांत जड उपकर ज्या एसयूव्हींवर होता त्यांच्यासाठी तीन अटी होत्या: लांबी चार मीटरांहून अधिक, इंजिन 1500 सीसीहून मोठे, आणि जमिनीपासूनची उंची किमान 170 मिलिमीटर, तीही रिकाम्या गाडीची. आपल्या या दोन्ही गाड्यांची इंजिने 1500 सीसीच्या आतली, म्हणजे त्या हिशेबाने या एसयूव्ही ठरतच नव्हत्या. क्रेटाला तर चारही चाकांना शक्ती देणारा प्रकारही नाही, आणि ग्रँड व्हिटारात तो मोजक्याच प्रकारांत मिळतो. उंचीचे म्हणाल तर पुस्तकात क्रेटाची 190 आणि ग्रँड व्हिटाराची 210 मिलिमीटर दिलेली आहे, पण ते आकडे रिकाम्या गाडीचे. आपण रिकाम्या गाडीने कुठे जातो?

हे मला पुस्तकाने शिकविले नाही, गावातल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीने शिकविले. शोरूमची चाचणी-फेरी गुळगुळीत महामार्गावरून वळवून आणतात, तीत गाडीविषयी फारसे काही कळत नाही, म्हणून नात्यातल्या एकाची एक आणि स्नेह्याची दुसरी अशा दोन गाड्या मी एका रविवारी मागून घेतल्या. मिस्त्री म्हणाला, "सायेब, डांबरीवर तं सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात. पांदणीनं घेऊन चाला, मंग समजीन." गाडीत पाच माणसे बसविली, मागे सरकीचे पोते टाकले, आणि निघण्यापूर्वी मिस्त्रीने मातीत गुडघा टेकून गाडीच्या पोटाखाली टेप धरला, माणसे बसण्याआधीचे माप आणि नंतरचे माप यांत दोन बोटांहून अधिक अंतर पडले. नाल्यावरच्या खचलेल्या मोरीशी, जिथे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी मधे मातीचा वरंबा उभा केला आहे, तिथे दोहोंपैकी एक गाडी पोट घासून गेली आणि दुसरी बोटभर अंतराने सुटली. तो आवाज ऐकून घरातील एका तटाचा आवाज बराच खाली आला. सांगण्याचा हेतू हा की, आपल्या रोजच्या वाटेवरील सर्वांत वाईट जागा कोणती ती आधी ठरवावी, आणि भरलेली गाडी तिथूनच चालवून पाहावी.

पाण्याचा विचारही येथेच करावयाचा. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत झालेली अतिवृष्टी आमच्यापैकी कोणी विसरलेले नाही. सातपुड्यातून उतरणारे नदीनाले किती अल्प अवधीत रस्त्यावर येतात हे त्या वेळी सर्वांनी पाहिले. इंजिनात पाणी शिरल्यावर किल्ली फिरविली आणि इंजिन निकामी झाले, तर साध्या विम्यातून ती भरपाई सामान्यतः मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जोडकलम निराळे घ्यावे लागते. आमच्या भागात मी ते छताच्या काचेहून हजारपट मोलाचे समजतो. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर चढतो, तिथे डोक्यावर काच घेण्यासाठी जादा पैसे मोजावेत, यातले शहाणपण मला अद्याप उमगलेले नाही. वरच्या प्रकारांतील स्वयंचलित सुरक्षा-यंत्रणेचेही तसेच: ती यंत्रणा रस्त्यावरील पांढरे पट्टे पाहून गाडी ओळीत ठेवते, आणि आमच्या तालुक्याच्या बहुतेक रस्त्यांवर पट्टे रंगविलेलेच नाहीत. अपघात-चाचणीच्या ताऱ्यांचे मात्र वाचन अवश्य करावे. पण तेही तारीख पाहून. ग्लोबल एनकॅपने 2022 साली क्रेटाला दिलेले तीन तारे दोन एअरबॅगांच्या तेव्हाच्या गाडीला होते. पुढे तिच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅगा आल्या आणि 2024 मध्ये गाडीचे रूपही बदलले.

एवढे ठरल्यावर व्यवहाराकडे वळलो, आणि येथे सावधगिरीची खरी गरज भासली. एका विक्रेत्याने, त्याचे गाव आणि नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, एका चिठ्ठीवर एकच ठोक आकडा लिहून दिला आणि "काका, ही सवलत आज संध्याकाळपर्यंतच," असे बजावले. मी लेखी तपशील मागितला. तो आला तेव्हा त्यात हाताळणीखर्च म्हणून एक रक्कम होती, सजावटीच्या सामानाचा एक सक्तीचा संच होता, आणि विमा त्यांच्याच ओळखीच्या कंपनीचा होता. हाताळणीखर्च हा सरकारचा कर नव्हे, तो नाकारता येतो. सामानाचा संच घेण्याची सक्ती नाही. विमा आपल्या पसंतीच्या कंपनीचा आणता येतो, मात्र तृतीय पक्षाचा विमा 2018 पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो. दहा लाखांहून अधिक किमतीच्या गाडीवर जो एक टक्का टीसीएस कापला जातो तो मात्र खर्च समजू नये, कारण प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. हे न जाणणारे कितीतरी लोक ते पैसे सोडून देतात.

गाडी दसऱ्याला मिळावयाची होती. ताबा घेण्यापूर्वी मी टायरच्या बाजूवरील लंबवर्तुळात कोरलेले चार अंक वाचले: 4824, म्हणजे 2024 सालचा 48 वा आठवडा. टायर हे गाडीआधी तयार होतात, तेव्हा एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण संशयास जागा होते. विक्रेता म्हणाला, "टायर जुन्या साठ्यातले असतील काका, गाडी ताजीच आहे." मी नमुना 21, म्हणजे विक्री प्रमाणपत्र, पुढे मागितले, कारण त्यात उत्पादनाचा महिना आणि साल लिहावे लागते, तेव्हा गाडी डिसेंबर 2024 ची असल्याचे कबूल झाले. गाडी विकताना साल पाहिले जाते, महिने कोणी मोजीत नाही. कागदोपत्री एक पूर्ण वर्ष आमच्या माथी मारले जाणार होते. नोंदणी झालेली नव्हती म्हणून ती परत करणे साधले. दसऱ्याचा मुहूर्त हुकला आणि नवी गाडी दिवाळीनंतर आली, याची आम्हांला यत्किंचितही खंत नाही.

माझा निष्कर्ष असा: आपला वापर आधी, मग इंधन, मग रस्ता, मग दुरुस्तीची सोय, आणि कंपनीचे नाव सर्वांत शेवटी. या क्रमाने गेलो तेव्हा आमच्यापुरता निकाल साध्या पेट्रोल इंजिनाचा, मधल्या प्रकाराचा, छताला काच नसलेल्या गाडीचा लागला. अकोला-मुंबई सतत करणाऱ्या माझ्या व्याह्यांना तोच क्रम डिझेलकडे घेऊन गेला, आणि दोघांचेही बरोबर आहे. वाचकांस विनंती एवढीच की, इसाराची रक्कम देण्यापूर्वी प्रत्येक आकडा लेखी घ्यावा, आणि उत्पादनाचा महिना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून नोंदणीच्या कागदावर सही करू नये.