ख्रिस्तकथेतील गूढ आणि संशयी काळ

हल्ली धुळ्या-जळगावकडे कीर्तन संपले की तरुण मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो, "महाराज, याला पुरावा काय?" प्रश्न वाईट नाही. वाईट एवढेच, की आपल्यातले काही जण तो ऐकून गांगरतात आणि तुकोबांच्या वैकुंठगमनाला विज्ञानाचा टेकू शोधू लागतात. हाच प्रसंग ख्रिस्ती लोकांवर आपल्या आधी गुदरला आहे. तेव्हा त्यांचे काय झाले, ते पाहू.

देव माणूस झाला, दोन चोरांच्या मधे क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, हे त्यांच्या मताचे मर्म. याला त्यांनी स्वतःच 'गूढ' म्हटले. त्यासाठीच्या ग्रीक शब्दाचा संबंध 'मिटणे' या अर्थाच्या धातूशी लावतात. डोळे मिटणे किंवा ओठ मिटणे. तेव्हा हे कोडे नव्हे. कोडे सुटले की त्याला कोण विचारतो? गूढ मात्र विहिरीसारखे, उपसावे तसे झरे मोकळे होतात.

इटलीत तुरीन येथे एक जुने कापड आहे. ख्रिस्ताचे प्रेत याच वस्त्रात गुंडाळले होते, अशी पुष्कळांची श्रद्धा. १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी त्याचे वय तपासले, ते इ. स. १२६० ते १३९० च्या दरम्यानचे निघाले. आता गर्दी ओसरेल असे कोणालाही वाटावे. पण २०१० आणि २०१५ साली ते दर्शनाला ठेवले तेव्हा लाखो लोक रांगेत उभे राहिले. ते सारे काही अडाणी नव्हते. त्यांची ओढ कापडाच्या वयावर टांगलेली नव्हती, इतकाच त्याचा अर्थ.

आपल्याकडचा दाखला ना. वा. टिळकांचा. जन्म १८६१, बुद्धी चिकित्सक, जुन्या आचारांवर मन बसेना. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला. त्यातले डोंगरावरचे प्रवचन त्यांना सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात आकांत झाला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, तो भाग 'स्मृतिचित्रे'त त्यांच्याच शब्दांत वाचावा.

नीतीची वचने कोणालाही पटतात. पण पटणे निराळे आणि जीव गुंतणे निराळे. टिळकांचा जीव गुंतला तो हरलेल्या, अपमानित देवात. आणि ते गायला त्यांना सापडला तो अभंगच! तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. जनीबरोबर दळणाऱ्या, चोख्याबरोबर ढोरे ओढणाऱ्या देवाची ज्याला सवय, त्याला लहान झालेला देव परका कसा वाटावा? भेद मात्र झाकू नये. आपला देव भक्तासाठी वारंवार राबतो. ख्रिस्ती म्हणतात, ते एकदाच घडले, पिलात नावाच्या सुभेदाराच्या अमलात.

१९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. त्यात धरणगावचा ठोमरे नावाचा मुलगा आपली कविता म्हणून गेला, तेच बालकवी. पुढे हा पोर नगरला टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला, पण धर्म त्याने आपलाच ठेवला. गूढ ज्याला खरोखर भेटले, तो दुसऱ्याला ओढून नेत नाही, असे मला यावरून वाटते.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला; बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. दरबार फार काळ चालला नाही. त्यांची पदे मात्र मराठी ख्रिस्ती उपासनेत अजून म्हटली जातात.