पाण्याचा हिशेब : प्रा. धनंजयराव गाडगीळ यांची अभ्यासदृष्टी

एखादा कालवा फायद्यात आहे की तोट्यात, हे कशावरून ठरवावे? पाणीपट्टीच्या निव्वळ उत्पन्नातून भांडवलावरील व्याज सुटते की नाही, एवढेच पाहण्याची रीत ब्रिटिश अमदानीत रूढ होती. हा हिशेब अपुरा आहे, हे प्रत्यक्ष पाहणीच्या आधारे मांडणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांत प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचे स्थान अग्रगण्य आहे.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले. तेथे तीन तपे त्यांनी अध्यापन व संशोधन केले. खेड्यात जाऊन माहिती गोळा करावी आणि मगच निष्कर्ष काढावा, ही शिस्त त्यांनी विद्यार्थ्यांना लावली.

गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी

निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथून गोदावरीचे कालवे निघतात. या व प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची संस्थेने केलेली पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बागायत व कोरडवाहू शेतीची तुलना करून पाण्याचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन्ही लाभ तपासण्यात आले. शेतकऱ्याचे वाढलेले उत्पन्न हा प्रत्यक्ष लाभ होय. मजुरांना मिळणारे काम, व्यापार, वाहतूक व प्रक्रिया उद्योग यांची वाढ हा अप्रत्यक्ष लाभ होय. यांपैकी बराचसा भाग पाणीपट्टीच्या वहीत कधीच उतरत नाही.

हा लाभ लहान शेतकऱ्याच्या हाती राहावा, यासाठी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचे अध्यक्षपद गाडगीळ यांनी सांभाळले. पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना, १९६९ मध्ये, राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे सूत्र त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

हिशेबाची दुसरी बाजू

आज या वहीत खर्चाचे रकानेही भरावे लागतात. अतिरिक्त पाण्याने जमीन चिबड व खारवट होते. गाळाने साठा घटतो. उलट, नांदूर मधमेश्वरच्या गाळाने भरलेल्या उथळ जलाशयात पक्ष्यांचे आश्रयस्थान निर्माण झाले आणि ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. कालव्याच्या मूळ अंदाजपत्रकात या दोहोंनाही जागा नव्हती.

दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्थांनी पाणी मोजून घेण्याची व वाटपाची जबाबदारी स्वीकारली. २००५ च्या अधिनियमाने अशा संस्थांना वैधानिक आधार दिला. मोजलेले पाणीच न्याय्य रीतीने वाटता येते व पुढील पिढीसाठी राखता येते.

कोणत्याही पाणी योजनेचा ठराव करताना पंचायतीने चार प्रश्न विचारावेत : पाणी किती, कोणाला मिळणार, जमिनीवर काय परिणाम होणार आणि देखभाल कोण करणार? या प्रश्नांची उत्तरे गावात फिरूनच मिळतात. गाडगीळ यांच्या अभ्यासाचा धडा हाच आहे.