स्वयंचलित कॅमेरा आणि प्रकाशाचें माप

घरांतील जुन्या कपाटांतून आजोबांचा फिल्मचा कॅमेरा काढून तो पुन्हा वापरण्याची हौस अलीकडे कांहीं विद्यार्थ्यांस लागली आहे. ‘हा कॅमेरा प्रकाश आपोआप ठरवितो, पण तो बरोबर ठरवितो काय?’ असें ते विचारतात. प्रश्न योग्य आहे. फोनवरील चित्र बिघडल्यास तें तत्काळ दिसतें व दुसरें घेतां येतें. फिल्म धुऊन येईपर्यंत मात्र प्रसंग निघून गेलेला असतो.

आपण एकच नमुना घेऊं. निकॉन कंपनीनें १९७९ सालीं ई. एम. नांवाचा लहान एस. एल. आर. कॅमेरा विक्रीस आणिला. ज्या लेन्समधून चित्र फिल्मवर पडावयाचें, त्याच लेन्समधून आरशाच्या साहाय्यानें आपणांस दृश्य दिसतें, हा या जातीच्या कॅमेऱ्यांचा विशेष होय. ई. एम.मध्यें लेन्सचें छिद्र केवढें असावें हें आपण ठरवावयाचें. आंतील प्रकाशमापक दृश्याचा उजेड मोजतो आणि त्यावरून शटर किती वेळ उघडें राहावें हें यंत्र ठरवितें. हा वेळ एक सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत असतो व तो आंत पाहतांना कांट्यावर दिसतो. उजेड इतका कमी असेल कीं तिसाव्या भागाहून अधिक वेळ लागावा, तर हात हलून चित्र पुसट होण्याचें भय असतें. तेव्हां कॅमेरा बारीक आवाज करून सावध करितो.

आतां मर्माची गोष्ट. प्रकाशमापकास उजेड कळतो, वस्तु कळत नाहीं. समोर जें असेल तें मध्यम करड्या रंगाचें, म्हणजे पडलेल्या उजेडापैकीं सुमारें १८ टक्के परत पाठविणारें आहे, असें गृहीत धरून त्याचा हिशेब चालतो. हिरवळ, झाडें, मुलांचा घोळका यांच्या बाबतींत हें बहुधा जमतें. परंतु पांढरें लुगडें नेसलेल्या आजी चुन्याच्या भिंतीशीं बसल्या आहेत असें समजा. भिंत व लुगडें पुष्कळ उजेड परत पाठवितात. यंत्रास वाटतें, उजेड फार आहे, आणि शटर लवकर मिटतें. पांढरी भिंत करडी होते व आजींचा मुळचा सांवळा चेहरा काळवंडून जातो. घरांत त्यांचें तेवढेंच एक चित्र असावयाचें आणि त्यांत चेहराच नाहीं! येथें माप चुकलें नाहीं, गृहीत चुकलें. काळ्या फळ्याचें चित्र घ्या, म्हणजे उलट प्रकार होऊन फळा राखाडी उमटेल.

पाठीमागें उजळ आकाश असतां वापरण्यासाठीं ई. एम.वर एक बटण आहे. तें दाबून धरल्यास सुमारें चौपट प्रकाश मिळतो. चुन्याच्या भिंतीपुढें चौपट कधीं जास्त होतो. याहून चांगला उपाय असा: आजींच्या अगदीं जवळ जाऊन, आपली सावली न पाडतां, केवळ चेहऱ्यावर कॅमेरा रोखावा व कांट्याचा आकडा लक्षांत ठेवावा. मग मागें येऊन, तोच आकडा दिसेपर्यंत फिल्मच्या वेगाची चकती फिरवावी. १०० ची फिल्म असतां चकती ५० वर नेली कीं दुप्पट प्रकाश मिळतो. चित्र घेतल्यावर चकती मूळ जागीं आणावी. नाहीं तर पुढची सारी फिल्म त्याच मापानें जाईल.

मापकच बिघडला आहे कीं काय, हें पाहण्यास फारसें सामान लागत नाहीं. निरभ्र दिवशीं, सूर्य चांगला वर आला असतां, १०० ची फिल्म व छिद्राचा आकडा १६ ठेवून उन्हांतील हिरवळीकडे पाहावें. कांटा १२५ च्या आसपास असावा. तो ६० दाखवील तर दुप्पट, २५० दाखवील तर निम्मा प्रकाश फिल्मवर पडणार. मात्र कांटा बरोबर असूनही शटर मंदावलेलें असूं शकतें. तें फिल्मवरच कळतें.

आणि येथें निगेटिव्ह फिल्म आपणांस फसविते. ती दुप्पट प्रकाशही निमूट सोसते, शिवाय छापणारा उरलेला दोष झांकतो. स्लाइडच्या फिल्मवर थोडका फरकही लपत नाहीं. म्हणून जुना कॅमेरा पारखावयाचा असेल तर तिची एक गुंडाळी त्यांत घालावी आणि प्रत्येक चित्राचें छिद्र व कांट्याचा आकडा वहींत टिपून ठेवावा.