घटक ४ : स्थळवर्णन – किनारी रानातील भ्रमंती व मुक्काम

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• फणसाड अभयारण्याच्या आधारे किनारी रानाची वैशिष्ट्ये सांगता येतील.
• स्थानिक शब्द आणि निरीक्षण यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• रानातील मुक्कामाची पथ्ये सकारण मांडता येतील.
• स्वतः पाहिलेल्या स्थळाचे नेमके वर्णन लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, 'निसर्गरम्य', 'घनदाट', 'मनोहारी' ही विशेषणे स्थळवर्णनात वारंवार आढळतात. ती चुकीची नाहीत. परंतु ती महाबळेश्वरला लागू पडतात, तशीच ताडोबालाही. एखाद्या वाक्यातील स्थळाचे नाव बदलूनही वाक्य जसेच्या तसे चालत असेल, तर ते त्या स्थळाचे वर्णन नव्हे.

या घटकात आपण रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्याचे उदाहरण घेणार आहोत. तेथे काय पाहावे, कसे वागावे आणि ते कसे लिहावे, हे तीन प्रश्न परस्परांशी जोडलेले आहेत. नेमका शब्द माहीत असला की पाहणे नेमके होते आणि त्यानुसार वर्तनही बदलते, हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ स्थळाची पार्श्वभूमी

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता बराच काळ समुद्राच्या सोबतीने जातो. एका बाजूस काशीदची पुळण आणि दुसऱ्या बाजूस डोंगर दिसू लागतात. त्या डोंगरांवर फणसाडचे रान पसरलेले आहे. किनाऱ्याच्या इतक्या जवळ असे रान टिकले कसे, हा प्रश्न वर्णन करणाऱ्याला पडला पाहिजे.

त्याचे उत्तर इतिहासात आहे. हे रान जंजिरा संस्थानच्या सिद्दी नवाबांचे शिकारीसाठी राखलेले रान होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९८६ मध्ये या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे हे रान केवळ 'निसर्गाची देणगी' नाही. प्रथम सत्तेने आणि नंतर कायद्याने ते राखले आहे. एवढे लक्षात आले तरी वर्णनाला खोली येते.

४.२.२ पायवाटेवरील निरीक्षण

फणसाडमध्ये चालताना दाट झाडी संपून अचानक मोकळा गवताळ भाग लागतो. त्याला 'माळ' म्हणतात. झाडीतील पाणवठ्यांना येथे 'गाण' हा खास शब्द आहे. चिखलगाण, फणसाडगाण ही त्यांपैकी काही नावे. 'चिखलगाण' हे नाव ठेवणाऱ्याने त्या जागेचे अर्धे वर्णन करूनच ठेवले आहे. 'जलाशय' हा शब्द शुद्ध असला तरी ही माहिती देत नाही.

झाडांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, सुरमाड ही नावे ठाऊक असणाऱ्याला 'हिरवी झाडी' वेगवेगळी दिसू लागते. अंजनीला निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस खोडाफांद्यांना बिलगून येतात. गारंबी ही झाडांवर चढणारी प्रचंड वेल आहे. तिच्या शेंगा माणसाच्या हाताहून लांब होऊ शकतात. बिया चपट्या, तपकिरी व टणक असून पाण्यावर तरंगतात. ओहोळातून वाहत गेलेली अशी बी समुद्रातून दूरच्या किनाऱ्यालाही लागू शकते. रान आणि समुद्र यांचे नाते सांगण्यास अशी एक बी पुरेशी आहे.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो क्वचितच जमिनीवर उतरतो. म्हणून ज्याची नजर केवळ पायवाटेवर असते, त्याला तो दिसत नाही. उंच फांद्यांवर काटक्या-पानांचे घरटे दिसल्यास तेथे थांबावे आणि आवाज ऐकावा.

४.२.३ मुक्कामाची पथ्ये

अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशी परवानगीची कारणे नमूद आहेत. मुक्काम वन विभागाने नेमून दिलेल्या ठिकाणीच करावा. ऋतुमानानुसार नियम बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक आहे.

नियम पाठ करण्यापेक्षा त्यांची कारणे समजून घ्या. एप्रिल-मे महिन्यांत ओहोळ आटतात आणि सांबर, भेकर, बिबट्या यांना मोजक्या पाणवठ्यांवरच विसंबावे लागते. अशा वेळी पाण्याच्या काठी रात्री माणसे बसून राहिली, तर बुजरी जनावरे पाणी न पिताच माघारी फिरतात. 'रम्य जलाशय' म्हटले की तेथे बसावेसे वाटते. तोच जनावरांचा पाणवठा आहे हे कळले की तेथून दूर व्हावेसे वाटते. शेकोटीचेही तसेच आहे. वाळलेल्या गवताच्या माळावर एक ठिणगीही वणवा पेटवू शकते.

किनारी रानातील रात्रीचे एक वैशिष्ट्य अवश्य अनुभवावे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. त्यामुळे समुद्राकडून जमिनीकडे 'खारे वारे' वाहतात. रात्री जमीन लवकर निवते आणि जमिनीकडून समुद्राकडे 'मतलई वारे' वाहू लागतात. भूगोलाच्या पुस्तकातील हे दोन शब्द तंबूबाहेर बसले असता अंगाला जाणवतात. वारा पडला कधी आणि फिरला कधी, याची वेळ वहीत टिपून ठेवावी.

४.२.४ निरीक्षणाकडून लेखनाकडे

पुढील दोन नमुने ताडून पाहा.

(अ) सायंकाळी आम्ही एका रम्य जलाशयाकाठी पोहोचलो. सर्वत्र नीरव शांतता होती. मन प्रसन्न झाले.

(आ) दुपारी पाणवठ्याच्या काठी चिखलात जोडखुरांचे ठसे दिसले. काही सुकून टणक झाले होते. काहींच्या कडा अजून ओल्या होत्या. ऊन उतरण्यापूर्वी आम्ही तेथून निघालो.

पहिल्या नमुन्यात लेखकाची भावना सांगितली आहे. दुसऱ्यात भावनेचा उल्लेखही नाही. तरीही ओल्या कडांवरून जनावर नुकतेच येऊन गेले हे वाचकाला कळते आणि लेखक लवकर का निघाला हेही उमगते.

मराठीत या दृष्टीची परंपरा आहे. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र', व्यंकटेश माडगूळकरांचे विदर्भातील रानाविषयीचे 'नागझिरा' आणि वनाधिकारी असलेल्या मारुती चितमपल्लींचे लेखन यांत रानाची माहिती आणि भाषेचे सौंदर्य एकत्र नांदते. त्यांच्या शब्दांचे अनुकरण न करता त्यांची पाहण्याची चिकाटी घ्यावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. 'गाण' आणि 'जलाशय' या शब्दांतील फरक स्पष्ट करा.
२. पाणवठ्यालगत रात्री का बसू नये?
३. नमुना (आ) मध्ये न सांगता सुचवलेल्या गोष्टी कोणत्या?

४.३ सारांश

फणसाडचे रान पूर्वी शिकारीसाठी राखले गेले. आज ते वन्यजीवांसाठी राखले जाते. माळ, गाण यांसारख्या शब्दांत स्थानिकांचे पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे. ते शब्द वापरल्याने वर्णन नेमके होते आणि भेट देणारा अधिक जबाबदारीने वागतो. मोघम विशेषणांमुळे मात्र स्थळाची ओळख पुसली जाते.

४.४ उपक्रम

नोकरी-संसार सांभाळून दूरच्या रानात जाणे प्रत्येकास शक्य होईल असे नाही. आपल्या परिसरातील देवराई, नदीकाठ किंवा टेकडी निवडा. तेथे वावरणाऱ्या एखाद्या वयस्क व्यक्तीकडून जागांची, झाडांची व वाटांची किमान पाच स्थानिक नावे जाणून घ्या. ती वापरून, एकही मोघम विशेषण न योजता, दीडशे शब्दांत त्या स्थळाचे वर्णन लिहा.