उताराचे पाणी आणि बालाघाटचा शेतकरी

आजच्या पाठाचा विषय शेतातील पाणी हा आहे. पाऊस आपल्या हाती नाही हे लहान मूलही जाणते. परंतु पडलेल्या पावसाचे पुढे काय होते, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. हा भेद नीट समजावा, एवढाच या पाठाचा उद्देश होय.

१. पायऱ्यांची शेती

फिलिपाईन्स बेटांतील इफुगाव नावाचे डोंगरी लोक पिढ्यानुपिढ्या डोंगराच्या उतारावर पायऱ्या कोरून भात पिकवीत आले आहेत. माथ्यावर राखलेले रान, त्यातून झिरपणारे पाणी, ते वाहून आणणारे पाट आणि एकाखाली एक रचलेली खाचरे अशी त्यांची मांडणी असते. वरच्या खाचराचे पाणी भरले म्हणजे ते खालच्या खाचरात उतरते. त्यामुळे वरच्याने बांध फोडला तर खालच्याचे पीक जाते, आणि प्रत्येकास शेजाऱ्याची आठवण ठेवावीच लागते. युनेस्को या जागतिक संस्थेने १९९५ साली ह्या पायऱ्यांची जागतिक वारशात नोंद केली. पुढे डागडुजी होईना, बांध ढासळू लागले, म्हणून २००१ साली त्यांचे नाव धोक्यातील वारशांच्या यादीत घालावे लागले. लोकांनी पुन्हा हात लावला तेव्हा २०१२ साली ते त्या यादीतून निघाले. आपल्याकडे मावळात व कोकणात भाताची खाचरे आहेत, त्यांचाही नियम हाच.

धाराशिव जिल्ह्यात भात हे मुख्य पीक नव्हे. येथे ज्वारी, तूर, उडीद, हरभरा आणि अलीकडे सोयाबीन. तरीपण उतारावरून धावणाऱ्या पाण्याला पायरीपायरीने थांबवावे हा धडा जितका इफुगावांस लागू, तितकाच बालाघाटच्या शेतकऱ्यासही लागू आहे. फरक इतकाच की, तेथे पाणी खाचरात उभे राहते आणि येथे ते मातीत मुरवावयाचे असते.

२. आपल्या भूमीची घडण

बालाघाटची रांग ही एक पाणलोटाची सीमा आहे. तिच्या एका अंगाचे पाणी तेरणा व मांजरा ह्यांच्या वाटेने गोदावरीस मिळते. दुसऱ्या अंगाचे सीना व बोरी ह्यांच्या वाटेने भीमेस आणि शेवटी कृष्णेस. माथ्यावरील गावास वरून येणारे पाणी नाही. जे आभाळातून पडेल तेच त्याचे. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, आणि उतारावर मातीचा थर पातळ. हा पाषाण स्वतः पाणी फारसे साठवीत नाही. पाणी राहते ते मुरमात व खडकाच्या भेगांत. ह्यास्तव कूपनलिका कितीही खोल नेली तरी वरून मुरलेच नसेल तर खालून येणार कोठून?

जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरून चालू. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. तेव्हा २५ मिलिमीटरची एक चांगली सर एका एकरास एक लाख लिटर देऊन जाते, आणि सबंध वर्षाचा पाऊस सुमारे २८ लाख लिटर भरतो. हे पाणी थोडे नव्हे. दुःख एवढेच की, त्यातले पुष्कळसे आपल्या बांधावरून, आपलीच माती घेऊन, ओढ्याला लागते.

३. पावसाची बदललेली चाल

पूर्वी पाऊस नियमित होता आणि आताच बिघडला, असे म्हणणे खरे नव्हे. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. परंतु हवा तापली म्हणजे ती अधिक बाष्प धरून ठेविते. एका अंशाच्या वाढीस सुमारे सात टक्के अधिक. तेणेकरून पाऊस लांबतो, आणि येतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ ह्या काळात सुमारे तिपटीने वाढले, असे त्यात दाखविले आहे.

ह्याचा अनुभव आपल्यास आलाच आहे. २०१२-१३ साली जिल्हा पाण्यावाचून होरपळला. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहरास आगगाडीने पाणी आणावे लागले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात परंडा, भूम ह्या भागांत असा पूर आला की उभी पिके गेली व शेते खरवडून निघाली. म्हणजे यापुढे शेतकऱ्याने एकाच रानात दोन संकटांची तयारी ठेवावयाची आहे.

४. पाणी थांबविण्याची रीत

पहिला नियम असा की, काम माथ्यापासून आरंभावे व पायथ्याशी संपवावे. माथ्यावर समपातळीत चर. त्याखाली शेतांत समपातळीचे बांध. ओढ्याच्या वरच्या टोकास दगडी बांध. आणि सर्वांच्या शेवटी नाला बांध किंवा पाझर तलाव. जो गाव पायथ्याचा तलाव आधी बांधतो व माथा उघडा ठेवितो, त्याचा तलाव गाळाने भरतो. शेजारच्या सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ साली निघाले, आणि मुंबई इलाख्यात बांधबंदिस्तीसाठी १९४२ साली कायदा झाला. म्हणजे ही विद्या नवी नाही.

दुसरा नियम, पेरणी उताराला आडवी करावी. सोयाबीनकरिता रुंद वरंबा व सरी ही पद्धत आता मराठवाड्यात पुष्कळ शेतकरी वापरतात. पाऊस ओढ देतो तेव्हा सरीत मुरलेली ओल पिकास तारते. पाऊस फार झाला तर तीच सरी जादा पाणी बाहेर काढिते.

तिसरा नियम बहुधा विसरला जातो, तो सांडव्याचा. बांधाला सांडवा नसेल तर मोठ्या पावसात बांधच फुटतो, आणि साठलेले पाणी एकदम सुटून न बांधलेल्या रानापेक्षाही अधिक माती नेते. नळदुर्गाचा पाणीमहाल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, बोरी नदीवर तो बंधारा उभा राहिला. पाणी चढले म्हणजे ते नर व मादी ह्या दोन वाटांनी वरून खाली कोसळते. लोक त्याची शोभा पाहण्यास जातात. शेतकऱ्याने मात्र हे पाहावे की, बांधणाऱ्याने पाणी अडविताना त्याला जाण्याची वाटही नेमून दिली, आणि म्हणूनच तो बांध चारशे वर्षे उभा आहे.

५. मागणीचा आवर

आता सर्वांत कठीण गोष्ट. बांध घातले, चर खणले, विहिरींस पाणी आले, आणि लगेच ऊस लावला, तर चार वर्षांत विहिरी पुन्हा कोरड्या. उसाच्या एका एकरास वर्षभरात सुमारे २,००० मिलिमीटर, म्हणजे ८० लाख लिटर पाणी लागते. आभाळ देते २८ लाख. बाकीचे कोणाच्या वाट्यातून येते? ज्वारीचे पीक मात्र ५०० मिलिमीटरच्या आत निभावते.

ह्या प्रश्नाचे उत्तर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात शोधले गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनी नायगाव येथे पाणी पंचायतीची चाल पाडिली. पाण्याचा वाटा जमिनीच्या मानाने नव्हे, तर माणसांच्या मानाने, भूमिहीनासही वाटा, आणि उसास पाणी नाही, असे तिचे नियम होते.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण स्त्रियांचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा, लोहारा ह्या भागांत गावोगावच्या स्त्रिया पुनर्वसनाच्या कामास लागल्या. त्याच कामातून वाढलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेच्या साह्याने, पुढे दुष्काळाच्या वर्षांत, पुष्कळ स्त्रियांनी घरच्या जमिनीतून अर्धा-एक एकर स्वतःच्या विचाराने पिकविण्यास मागून घेतला. सातबाऱ्यावर नाव पतीचे, राबणारे हात तिचे, आणि काय पेरावे हे विचारण्याची पद्धत नाही, अशी स्थिती होती. त्यांनी त्या तुकड्यात ज्वारी, कडधान्ये व भाजीपाला अशी थोड्या पाण्याची अनेक पिके घेतली; खत घरचे, बियाणेही शक्य तितके घरचे. एक पीक बुडाले तर दुसरे हाती लागते, आणि बाजारभाव पडला तरी घरची भाकर राहते. २०१६ साली ह्या कार्यास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. पावसाने दगा दिला असता चुलीत काय पडेल ह्याची चिंता जिला सर्वांआधी लागते, तिला पेरणीच्या निर्णयात स्थान द्यावे, हे ह्यावरून शिकावयाचे आहे.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या गावचा पाऊस कोण मोजतो? गेल्या वर्षीचा आकडा काढून आपल्या एकरी किती लिटर पाणी पडले, ते मांडून पाहा.
२. आपल्या शेताच्या बांधास सांडवा आहे काय? त्यातून सुटलेले पाणी कोणाच्या शेतात जाते, आणि त्या शेजाऱ्याशी आपण ह्याविषयी कधी बोललो आहो काय?
३. गावात ऊस किती एकर आहे, आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा टँकर कोणत्या महिन्यात येतो?
४. येत्या मृगापूर्वी काय पेरावे, हे ठरविताना घरातील स्त्रियांस विचारले जाते काय?

बैठकीत चौथ्या प्रश्नास वेळ राखून ठेवावा, आणि त्याचे उत्तर प्रथम स्त्रियांनी द्यावे.