विजेची सायकल बाजारांत

दळण टाकणें, मंडईंतून भाजी आणणें, औषध घेणें असलीं किरकोळ कामें विजेच्या सायकलीवर फार सुखानें होतात. परंतु ह्याच कामांत तिला धोकाही असतो. कारण प्रत्येक दुकानापुढें ती दोनचार मिनिटें एकटी सोडावी लागते, आणि 'आलोंच' असें म्हणून आपण कुलूप लावण्याचा आळस करतों. चोरास तेवढा अवकाश पुरे होतो.

आपल्या देशांत जिच्या मोटारीची शक्ति २५० वॅटहून आणि वेग ताशीं २५ किलोमीटरहून कमी, अशा सायकलीस नोंदणी लागत नाहीं. सवलत खरी, पण त्यामुळें तिच्यावर नंबराची पाटीही नसते. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक हीच तिची ओळख. तो टिपून ठेवला नसेल आणि खरेदीची पावतीही हरवली असेल, तर सांपडलेली सायकल आपलीच, हें पोलीस ठाण्यांत कशानें सिद्ध करणार?

मागल्या चाकावरचें नेहमींचें कुलूप चाकास फिरूं देत नाहीं, एवढेंच. २० ते २५ किलोची सायकल दोघे जण सहज उचलून टेंपोंत घालतात. म्हणून ती जमिनींत पक्क्या रोवलेल्या खांबास किंवा कठड्यास जखडली पाहिजे. खांब आंखूड असल्यास ती कुलुपासकट वरून निघते, हेंही पाहावें. बारीक तारेचें कुलूप पकडीनें तुटतें. पोलादी कांबीचें, इंग्रजी यू अक्षरासारखें कुलूप जड व महाग खरें, तरी आम्हांस तेंच पसंत आहे. शेल्डन ब्राऊन (१९४४–२००८) ह्या अमेरिकन सायकल-कारागिरानें सांगितलेली युक्ति मोठी मार्मिक आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस सांगाड्याचा जो त्रिकोण असतो, त्याच्या आंतच चाकाची कड आणि खांब कुलुपांत धरावीं. सांगाडा कुलुपांत नसला तरी चाक त्रिकोणांतून निघत नाहीं, आणि सायकल अडकून राहते. मोटार मागच्या चाकांतच बसविलेली असेल तर तीही बचावते.

बॅटरी फार मोलाची. ती सुटी होत असेल तर काढून पिशवींत घालावी. भाजीबरोबर आणखी दोनतीन किलो वागविणें जिवावर येतें, हें आम्हांस मान्य आहे. पण नवी बॅटरी घेणें त्याहून जिवावर येतें.

इतकें करूनही पोलाद कापणारीं यंत्रें आहेतच. कुलूप चोरास खोळंबवितें, कायमचें अडवीत नाहीं. म्हणून दुकानदाराच्या नजरेसमोरची, वर्दळीची जागा शोधावी. चार दुकानें जवळजवळ असल्यास चार ठिकाणीं घाईनें उभी करण्यापेक्षां सायकल एकदांच नीट जखडून पायीं हिंडावें. मंडईच्या गर्दींत तर वेळही कमीच लागतो.