दोन दिवस हाताशी असतील तर बीदर की कलबुर्गी?

सोलापूर, लातूर, उदगीर किंवा पुण्याहून दोन दिवसांची सुट्टी काढून आमच्या सीमाभागात येणाऱ्या मंडळींचा बेत बहुधा एकाच साच्याचा असतो. पहिल्या दिवशी पहाटे अक्कलकोट, दुपारी गाणगापूर, संध्याकाळी कलबुर्गीचा किल्ला आणि ख्वाजा बंदे नवाजांचा दर्गा. दुसऱ्या दिवशी बीदरचा किल्ला, नरसिंह झरणी, नानक झिरा, आणि परतताना बसवकल्याण व माणिकनगर. बीदर, भालकी, आळंद या भागातल्या घरांना असे बेत ओळखीचे आहेत, कारण पाहुण्यांचे फोन त्यांनाच येतात आणि रात्री उशिरा जेवायला वाढायची पाळीही त्यांच्यावरच येते. माझे म्हणणे सरळ आहे. दोन दिवसांत बीदर पाहावे किंवा कलबुर्गी पाहावी, दोन्ही नको. बेत आखताना ठिकाणांची यादी आधी करू नये. मुक्काम कुठे आणि कोणत्या ठिकाणची वेळ आपल्या हातात नाही, हे आधी ठरवावे.

किलोमीटर मोजून आखलेला बेत कागदावर नेहमीच बसतो. बीदर ते कलबुर्गी अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे. 2017 मध्ये हुमनाबादमार्गे रेल्वेही सुरू झाली. त्यामुळे ‘अडीच-तीन तासांत पोहोचू’ असे वाटते आणि रस्त्यापुरते ते खरेही असते. पण खोली सोडणे, सामान भरणे, वाटेतला चहा, नव्या गावातले जेवण आणि पुन्हा खोली शोधणे, हे सगळे त्याच दिवसाच्या उजेडातून कापले जाते. आमच्याकडची बहुतेक पाहण्याजोगी स्थळे तर उजेडाचीच आहेत. किल्ला, मदरसा, बीदरजवळच्या अष्टूरचे घुमट यांची दारे सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात. हिवाळ्यात दिवस लहान असतो, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार दगडी फरशीवर उभे राहवत नाही. तेव्हा हिशेब दिवसांचा न करता उघड्या दारांच्या आणि सोसवेल अशा उन्हाच्या तासांचा केला, तर एका दिवसात पाच-सहा तासांपेक्षा जास्त हाती उरत नाहीत.

त्यातून काही जागांच्या वेळा आपल्या सोयीने हलत नाहीत. गाणगापूर हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे दत्तप्रभू माध्यान्ही भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून माधुकरी देण्या-मागण्याची वेळ दुपारची. त्याआधी भीमा-अमरजा संगमावर स्नान, आणि संगम निर्गुण मठापासून दोन-तीन किलोमीटर दूर. पादुकांच्या दर्शनाची रांग गुरुवारी आणि पौर्णिमेला कुठवर जाईल याचा नेम नसतो. म्हणजे सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंतचा वेळ गाणगापूरला द्यावाच लागतो. पहाटे अक्कलकोट करून दुपारी दीडला तिथे पोहोचणाऱ्याला संगमही धड मिळत नाही आणि माधुकरीही.

बीदरची अडचण वेगळी, तिथे पाहण्यासारखे फार आहे. 1347 मध्ये गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, उभ्या राहिलेल्या बहमनी राज्याची राजधानी पंधराव्या शतकात अहमदशहाने इकडे आणली. त्यामुळे एकट्या किल्ल्यातच खडकात खोदलेले तिहेरी खंदक, सोळा खांब मशीद, तख्त महाल आणि शिंपल्यांच्या जडावकामाचा रंगीन महाल आहे. रंगीन महालाला एरवी कुलूप असते. पुरातत्त्व खात्याच्या माणसाला शोधून, विनंती करून तो उघडून घ्यावा लागतो. घाईतला पाहुणा हे करत नाही आणि किल्ल्यातली सर्वांत नाजूक कारागिरी न पाहताच परततो. महमूद गवानाने 1472 मध्ये बांधलेल्या मदरशाचा मोठा भाग औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटात कोसळला, पण उरलेल्या मनोऱ्यावरचे रंगीत कौलकाम नीट पाहायलाही वेळ लागतोच. अष्टूरला अहमदशहाच्या कबरीतली चित्रकारी अंधाऱ्या घुमटात आहे. डोळे सरावल्यावरच रंग उमटू लागतात. शेजारी वीज पडून दुभंगलेला हुमायूनचा घुमट. गावाच्या दुसऱ्या टोकाला बरीदशाही कबरी, त्यांत अली बरीदची चारही बाजूंनी उघडी कबर. आणि बिदरी काम करणारा कारागीर, जो जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदीची तार ठोकतो आणि किल्ल्यातली माती वापरून ते भांडे काळे करतो. ते बघायला दुकानात खरेदीपुरते डोकावून भागत नाही.

हे फक्त आमच्या खडबडीत रस्त्यांचे रडगाणे आहे असे कोणी समजू नये. ज्या जपानचा वेगासाठी दाखला देतात तिथेही गणित हेच आहे. तोक्योहून क्योतोला शिंकानसेन सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचवते, म्हणून आठवडाभरासाठी जाणारी मराठी कुटुंबे तोक्यो, हाकोने, क्योतो, नारा, ओसाका आणि हिरोशिमा एका माळेत ओवतात. पण गाडी कितीही धावली तरी किंकाकुजीचे दार संध्याकाळी पाचला लागते. दुपारी एकला क्योतोत उतरून हॉटेलात सामान टाकेपर्यंत त्या दिवशी एखादेच देऊळ उरते. तिथले जाणते प्रवासी म्हणूनच लवकर बंद होणारी स्थळे आधी घेतात आणि रात्रीही खुले असलेले फुशिमी इनारी शेवटी ठेवतात. आपल्यालाही तेच करता येते: किल्ला आणि घुमट उजेडात, नानक झिरा आणि बाजार दिवेलागणीनंतर.

यावर पहिला आक्षेप येतो: ‘पुन्हा कधी येणार?’ पण हा प्रश्न जपानला शोभतो, बीदरला नाही. लातूर-उदगीरकरांना बीदर आणि सोलापूरकरांना कलबुर्गी पुढच्या सुट्टीतही तितकीच जवळ राहणार आहे. दुसरा आक्षेप पैशांचा: गाडी दोन दिवसांसाठी घेतली, मग ती उभी का ठेवायची? गाडीचे भाडे दोन्ही बेतांत द्यावेच लागते. जास्त पळवली तर डिझेल आणि चालकाची दमणूक तेवढी वाढते. रात्रीचा प्रवास करून वेळ वाचवू म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की दमलेला चालक आणि न झोपलेली माणसे दुसऱ्या दिवशीचा निम्मा वेळ आळसात घालवतात. तिसरा आक्षेप मात्र मोलाचा आहे: घरातल्या वडीलधाऱ्यांना देवदर्शन हवे, तरुणांना किल्ले. याला उत्तर एकाच मुक्कामातल्या जोड्यांचे. बीदरला राहिलात तर नरसिंह झरणी आहे, पण तिथे छातीपर्यंतच्या पाण्यातून जावे लागते, तेव्हा गुडघे आणि दम यांचा विचार आधी करावा. कलबुर्गीला राहिलात तर एक पूर्ण दिवस गाणगापूरचा. दुसऱ्या दिवशी शरणबसवेश्वर, दर्गा आणि किल्ल्यातली 1367 ची, अंगणाशिवाय पूर्ण छपराखाली असलेली जामा मशीद. सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला अशोकाचे नाव कोरलेले शिल्प आहे आणि मळखेडला राष्ट्रकूटांची राजधानी होती. दोन्ही फार मोलाची, पण वेगवेगळ्या वाटांवर. त्यांच्यासाठी तिसरा दिवस नसेल तर ती सोडावीत.

बसवकल्याण आणि माणिकनगर यांना मी वेगळा नियम लावीन. बीदरहून सोलापूरकडे परतताना हुमनाबाद लागतेच. त्याच्याशेजारी माणिकप्रभूंचे संस्थान आहे आणि पुढे थोडे वळले की चालुक्यांची कल्याणी, बसवण्णांचे अनुभव मंटपाचे गाव. वाटेवरचे एक ठिकाण परतीच्या दिवशी बसते, दोन बसवायला गेलात तर घर गाठायला मध्यरात्र होते.

म्हणून कागदावर पहिली ओळ मुक्कामाची लिहावी, दुसरी न हलणाऱ्या वेळेची, तिसरी उजेडात पाहायच्या दोन स्थळांची. उरलेले सगळे ‘जमलं तर’ या सदरात टाकावे आणि गाडीत बसण्यापूर्वीच घरातल्या सगळ्यांना ते सांगून टाकावे. काय सोडले हे निघण्याआधी ठरलेले असले की वाटेत रुसवेफुगवे होत नाहीत, आणि जे पाहायचे ते धावत पाहावे लागत नाही.